कर्करोग रोखणारी औषधं, सरकारी अर्ज आणि गैरसमज

कर्करोग झाल्यावर द्यायच्या औषधांची चर्चा घरोघरी होते. तो होऊच नये म्हणून द्यायच्या औषधांबद्दल मात्र प्रयोगशाळेत आयुष्य घालवणाऱ्यांच्याही कल्पना धूसर असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ‘प्रिव्हेंट’ ही योजना नेमकी अशा औषधांसाठी आणि लशींसाठी आहे. तिच्याकडे अर्ज करायचा म्हटलं की हेच धूसरपण नडतं.

सर्वांत मोठा गैरसमज पैशांचा. अर्ज मंजूर झाला की खात्यात रक्कम जमा होईल, दोन संशोधक साहाय्यक नेमता येतील, असं गृहीत धरलं जातं. पण हे अनुदान नव्हेच. संस्थेने आधीच करार करून ठेवलेल्या प्रयोगशाळा तुमच्यासाठी काम करतात आणि बिल सरकार भरतं. हाती रोकड येत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. औषध माणसाला देण्याआधी त्याची विषाक्तता साधारणपणे दोन प्रकारच्या प्राण्यांत तपासावी लागते, त्यातला एक उंदीरवर्गातला आणि दुसरा त्याबाहेरचा, बहुधा कुत्रा. मग माणसाला देण्याच्या दर्जाचा माल तयार करायचा आणि तो किती काळ टिकतो ते पाहायचं. प्रत्येक पायरीच्या नोंदी औषध नियामकाला पटतील अशा हव्यात. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाला हे आपल्या बळावर जमणं जवळपास अशक्य.

सरकार मधे आलं की शोधावरचा हक्क गेला, ही भीतीही अनेकांना असते. तो हक्क अर्जदाराकडेच राहतो. मात्र एकदा आत शिरलो म्हणजे शेवटपर्यंत निश्चिंत, असंही नाही. टप्प्याटप्प्याला आढावा होतो आणि निकाल समाधानकारक नसतील तर काम तिथेच थांबतं. मला हे योग्यच वाटतं.

आता खरा घोळ. ‘माझं औषध गाठ आटवतं, म्हणजे ती होण्यापासूनही रोखेल.’ कर्करोगाचा रुग्ण उलट्या सोसतो, केस गळणं सोसतो, कारण समोर मरण असतं. धडधाकट माणूस हे का सोसेल? टॅमॉक्सिफेनचं उदाहरण घ्या. स्तनकर्करोगाचा धोका जास्त असलेल्या १३,३८८ स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत या गोळीने आक्रमक स्तनकर्करोगाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. १९९८ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यताही मिळाली. पण गर्भाशयाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत असल्याने ही गोळी घ्यायला तयार होणाऱ्या स्त्रिया आजही थोड्याच.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?’ याचं उत्तर फिनलंडने दिलं. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतही धूम्रपान करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या लोकांवर अशीच चाचणी सुरू होती. तिथे बीटा-कॅरोटिनच्या जोडीला अ जीवनसत्त्व होतं. वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. गाजरातला घटक, त्यातून दोन्हीकडे हेतू उत्तम! आपल्याकडे हळदीवर जीव असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत कमाल करतं, पण काही ग्रॅम गिळलं तरी रक्तात नाममात्र उतरतं.

कर्करोग रोखणारा घटक, ज्याला अर्जाच्या भाषेत ‘एजंट’ म्हणतात, तो म्हणजे गोळीच, हाही एक समज. प्रत्यक्षात कर्करोग रोखण्यातलं सर्वांत झळाळतं यश लशींचं आहे. कावीळ-बीची लस यकृताचा कर्करोग टाळते, एचपीव्ही या विषाणूवरची लस गर्भाशयमुखाचा. एचपीव्ही लशीमागचं मूलभूत संशोधन ज्या प्रयोगशाळांत झालं, त्यात याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेची प्रयोगशाळा होती. आणि भारतात ज्यांना वाटतं की सरकारी मदतीतून असं काही उभं राहत नाही, त्यांनी पुण्याकडे पाहावं. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या एचपीव्ही लशीला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं आणि त्याच्याच ‘बायरॅक’ या संस्थेचं पाठबळ होतं, आणि २०२२ मध्ये तिला नियामकाची मंजुरी मिळाली.

अर्ज लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: उंदराच्या कातडीखाली वाढवलेली गाठ लहान झाल्याचा आलेख पहिल्या पानावर ठेवू नका. गाठ होण्याआधीच औषध सुरू केलं, तेव्हा किती उंदरांना ती झाली, किती उशिरा झाली, आणि महिनोन्‌महिने औषध घेऊनही त्यांचं वजन टिकलं का, हे दाखवा. अर्ज वर्षातून दोनदा घेतले जातात. लिहायला बसण्याआधी योजनेच्या अधिकाऱ्यांशी बोलून घ्या.