क्रेडिट रिपोर्टमधल्या चुका: अभ्यास एक, आकडे चार

‘क्रेडिट रिपोर्टमध्ये चुका असतात’ असं तुम्ही प्रबंधात लिहिलंत, तर गाईड पहिला प्रश्न विचारतील: मोजल्या कशा? कारण नोंद बरोबर की चूक, हे नुसतं तिच्याकडे बघून कळत नाही. ज्याच्या नावावर ती आहे, त्यालाच विचारावं लागतं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमकं हेच केलं. त्यांच्या २०१२ च्या अहवालासाठी १,००१ ग्राहकांचे रिपोर्ट तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांकडून मागवले आणि त्या ग्राहकांबरोबर तपासले. चुकीच्या वाटलेल्या नोंदींवर तक्रार करायला लावली. मग रिपोर्ट पुन्हा मागवून आधीच्याशी ताडून बघितले.

आता निकाल बघा:

- महत्त्वाची चूक आहे असं म्हणणारे: २६ टक्के
- तक्रारीनंतर रिपोर्ट बदलला असे: २१ टक्के
- स्कोअर बदलला असे: १३ टक्के
- कमी जोखमीच्या गटात गेले असे: सुमारे ५ टक्के

म्हणजे कुणी ‘चारातला एक’ म्हणेल, कुणी ‘विसातला एक’. दोघंही खरं बोलतायत, फक्त ‘चूक’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. म्हणून आकडा उचलताना सोबत व्याख्याही उचला.

हीच पद्धत आता स्वतःवर वापरा. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घटत नाही. नाव, पॅन, न घेतलेलं कर्ज, फेडूनही ‘चालू’ दिसणारं खातं आणि थकबाकीचे दिवस, एवढं नीट बघा. शैक्षणिक कर्ज असेल तर टाळाटाळ नकोच. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आई किंवा बाबांच्या रिपोर्टमध्येही ते दिसतं, आणि ‘थकीत’ असा चुकीचा शेरा त्यांचंही पुढचं कर्ज अडवू शकतो.

चूक सापडली तर कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा आणि बँकेलाही लेखी कळवा, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. मुदत ३० दिवसांची. त्यापुढे निकाल लागेपर्यंत रोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तक्रारीआधीचा रिपोर्ट मात्र जपून ठेवा. तो नसेल, तर नंतरचा कशाशी ताडून बघणार?