अंघोळ किती, खरारा किती?

धावड्यात आमच्या दारात बैलजोडी होती तेव्हाची गोष्ट. अब्बा रोज सकाळी बैलांना खरारा करीत. पण धुवायला ओढ्यावर न्यायचे ते अधूनमधून आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला. म्हैस मात्र उन्हाळ्यात रोज पाण्यात बसायची. हा भेदभाव का, असं मी एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, "ज्याचं कातडं त्याचा हिशेब, बेटा. बैलाला घाम येतो, म्हशीला नीट येत नाही."

पुढे वाचनात आलं, की म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईबैलांपेक्षा बऱ्याच कमी असतात. शिवाय काळं कातडं ऊन ओढून घेतं. पाण्यात बसणं ही तिची चैन नव्हे, गरज आहे.

हे सारं मी मोती घरी आल्यावर विसरलो. २०१३ चा दुष्काळ होता, पाणी टँकरनं यायचं. तरी दर रविवारी मी माझ्याच साबणानं त्याला घोळसून काढी. महिन्याभरात तो पाठ खाजवून खाजवून बेजार झाला, केस गळू लागले. मला वाटलं, अंघोळ कमी पडते. म्हणून आठवड्यातून दोनदा सुरू केली!

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी साबण बंद केला. कुत्र्याची त्वचा माणसाहून पातळ असते. आपला साबण तिच्यावरचं तेल धुऊन नेतो, मग ती कोरडी पडते आणि खाज सुटते. आखूड केसांच्या निरोगी कुत्र्याला महिन्या-दीड महिन्यानं अंघोळ पुरते. चिखलात लोळला तर गोष्ट वेगळी. शाम्पू कुत्र्यांचाच घ्यावा, फेस पुरता धुवावा, कानात पाणी जाऊ देऊ नये. गोचिडांचं औषध मानेवर सोडलं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ टाळावी. दोन महिन्यांच्या आतल्या पिलाला न्हाऊ घालू नये. मांजर स्वतःला चाटूनच स्वच्छ ठेवतं.

विंचरणं मात्र चुकवू नये. आखूड केसांना आठवड्यातून एक-दोनदा पुरे, लांब केसांना रोज हवं. मेलेले केस निघतात, गोचीड, पिसू, एखादी गाठ वेळीच हाताला लागते. अब्बांचा खरारा याचसाठी होता.

मोतीची पाठ दोनेक महिन्यांत भरून आली. स्वच्छतेची हौस माझी होती, खाज मात्र त्यानं सोसली. म्हणून अंघोळीचा वार ठरवण्याआधी जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहावा.