सापाची कात आणि सापाचा घास



तानसा तलावाच्या कांठच्या रानांत हिंडतांना दगडी बांधाच्या फटींत किंवा करवंदीच्या जाळींत अडकलेली सापाची कात पुष्कळदां दृष्टीस पडते. ती पातळ, पांढुरकी आणि वाऱ्यानें थरथरणारी असते. एखाद्याची स्थिति पालटली म्हणजे ‘त्यानें कात टाकली’ असें आपण कौतुकानें म्हणतों. परंतु हें कात टाकणें सापाला नेहमींच सुखाचें होतें असें नाहीं. आणि माणसाच्या कोंडवाड्यांत सांपडलेल्या सापाला तर तें कधीं कधीं जिवावरचें संकट ठरतें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्यानें धामणीचें पिल्लूं लोणच्याच्या बरणींत घालून शाळेंत आणलें. मीं तें कौतुकानें वर्गांत ठेवून घेतलें. माघ महिना होता, हवा कोरडी होती. कांहीं दिवसांनीं पिलाचे डोळे दुधाळ झाले. तें आंधळें होत आहे असें मला वाटलें. पुढें अंगावरची कात तुकड्यातुकड्यांनीं निघाली, पण डोळ्यांवरची तशीच राहिली. तेव्हां मीं चिमटा घेतला आणि एका डोळ्यावरचा पापुद्रा ओढून काढला. त्याबरोबर खालचा नवा पडदाही फाटला व डोळा कायमचा गेला. ‘‘गुरुजी, त्याला आतां दिसत नाहीं का हो?’’ या त्या मुलाच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. साप असा डांबून ठेवणें हा त्या वेळींही गुन्हाच होता, हेंही मला ठाऊक नव्हतें. जें मीं तेव्हां जाणून घ्यावयास हवें होतें, तें आज सांगत आहें.

सापाचें शरीर वाढतें, परंतु त्याच्या कातडीचा बाहेरचा थर वाढत नाहीं. म्हणून खालीं नवा थर तयार झाला कीं जुना टाकावा लागतो. दोन थरांमध्यें पातळ द्रव साचतो, त्यामुळें रंग फिका पडतो व डोळे निळसर-पांढरे दिसतात. हा रोग नव्हे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर घड्याळाच्या कांचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर तोही निघावा लागतो. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर कांहीं दिवसांनीं साप आपलें नाक खडबडीत वस्तूवर घासतो, ओठांजवळ कात फाटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती शेपटाकडे निघत जाते. लहान सापांची वाढ झपाट्यानें होत असल्यामुळें ते वारंवार कात टाकतात. मोठे वर्षांतून थोड्याच वेळां.

निरोगी सापाची कात बहुधा अखंड निघते. तुकडे पडले तर हवेंत ओलावा कमी आहे, पाणी पुरेसें मिळत नाहीं, अंगावर गोचीड वा पिसवांसारखे बारीक किडे आहेत, किंवा प्रकृति बिघडली आहे असें समजावें. आमच्या रानांत पालापाचोळा, बिळें, ओले दगड हें सर्व सापाला आपोआप मिळतें. शहरांतील वातानुकूल खोलींत कांचेच्या पेटींत ठेवलेल्या सापाला तें कोठून मिळणार? त्याच्या पेटींत अंग बुडेल एवढें पाण्याचें भांडें, ओलसर शेवाळ घातलेला एक आडोसा आणि घासण्यास ओबडधोबड लाकूड असलेंच पाहिजे. टाकलेली कात नेहमीं तपासावी. तींत डोळ्यांचे दोन्ही खवले आहेत ना आणि शेपटाचें टोंक निघालें आहे ना, हें पाहावें. शेपटावर राहिलेलें कडें वाळून आवळतें, रक्त तुटतें आणि टोंक मरतें. अशा वेळीं कोमट, उथळ पाण्यांत व मग ओल्या फडक्यांत सापाला स्वतः सरकूं द्यावें. डोळ्याला मात्र हात लावूं नये. तें काम पशुवैद्याचें.

आतां घासाविषयीं. डोळे दुधाळ असतांना साप बहुधा खात नाहीं व चिडखोर होतो. तेव्हां खाणें पुढें करूं नये आणि त्याला हाताळूंही नये. एरवीं भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून मोठें नसावें. जिवंत उंदीर पेटींत सोडणें धोक्याचें आहे, कारण भुकेला नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडतो. मेलेलें भक्ष्य लांब चिमट्यानें द्यावें. गोठवलेलें असल्यास तें पूर्ण निवळूं द्यावें. घरांतला पकडलेला उंदीर देऊं नये, त्यानें विष खाल्लेलें असूं शकतें. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातालाच भक्ष्य समजतो. म्हणून आधीं हात धुवावे. हाताळल्यानंतरही धुवावे, कारण सापांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतु असतात. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उबेंत निवांत राहूं द्यावें. नाहीं तर तो गिळलेलें ओकून टाकतो.

आणि दूध? साप मांसाहारी, दूध हें त्याचें अन्नच नव्हे. नागपंचमीला गारुडी ज्या नागाला दूध पाजतात, तो अनेक दिवस तहानेला ठेवलेला असतो, म्हणून तो मिळेल तें पितो. तें दूध त्याला पचत नाहीं, आणि फुप्फुसांत गेल्यास तो मरतो. ही पूजा नव्हे, हत्या आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, अजगर, धामण असे आपले साप घरीं पाळण्यास मनाई आहे. परदेशांतून आलेल्या अनेक जातींची नोंद करणें २०२२ च्या दुरुस्तीनें आवश्यक झालें आहे. साप पाहण्याची हौस असेल तर पुण्यास कात्रजचें सर्पोद्यान आहे. आणि घरांत साप निघालाच, तर काठी न उचलतां दुरून लक्ष ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.

ज्यांच्याकडे कायदेशीर रीतीनें साप आहे, त्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं हा मुका प्राणी आपलें दुःख ओरडून सांगत नाहीं. तो तें आपल्या कातेवर लिहून ठेवतो. मला तें वाचतां आलें नाहीं. आपणांस यावें, एवढीच इच्छा.