गुळवेल गुणाची, पण मापाची

२०२० मध्ये टाळेबंदी आली आणि अनेक घरांत सकाळच्या चहाआधी काढ्याचा कप आला. सुंठ, मिरी, तुळस होतीच, पण खरा मान गुळवेलीचा. कडुनिंबावर नाहीतर सोसायटीच्या कुंपणावर चढलेल्या, बदामी पानांच्या या रानवेलीला एकदम गिऱ्हाईक आलं. ‘झाडपाल्याचंच तर आहे, अपाय थोडाच होणार?’ असं म्हणत आपण तो काढा घरादाराला पाजला.

ताप मुरला की गुळवेल द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तिला शास्त्राचा आधारही आहे बरं का! मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीवर बरंच काम केलं. त्यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. कर्करोगानं पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेले ३० रुग्ण त्यात होते. शस्त्रक्रियेआधी एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्याबरोबर गुळवेल. तीही मोजून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेल घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटात ४० टक्के वाचले, दुसऱ्यात ९२ टक्के! रुग्ण थोडे होते हे खरं, पण फरक केवढा!

गंमत म्हणजे यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. सुधारली ती जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकद. म्हणजे गुळवेल यकृत ‘साफ’ वगैरे करत नव्हती, ती प्रतिकारशक्तीला जागं करत होती.

आणि नेमकी इथेच मेख आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ मध्ये आला तेव्हा आयुष मंत्रालयानं शंका काढली, की ही गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असावी. शंका अगदीच फोल नाही. अशी वेल आहे, तिच्या खोडावर टेंगळं जास्त असतात, आणि बाजारातली चिरलेली काडी आपल्याला काय ओळखू येणार? पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. काढा सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्यानं त्रास सुरू झाला होता. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा दिसल्या.

मैत्रिणींनो, हाशिमोटोचा थायरॉइड, ल्युपस, आमवात हे सगळे आजार प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटल्यानं होतात आणि बायकांमध्ये जास्त आढळतात. यातलं काही असेल, यकृताचा जुना आजार असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर स्वतःच्या मनानं गुळवेल घेऊ नका. बाकीच्यांनीही महिनोन्‌महिने रोज कप भरून घेऊ नये. तापापुरती, वैद्यांना विचारून, ते सांगतील तेवढेच दिवस.

काढा चालू असताना भूक मेली, मळमळ सुटली, अंगाला खाज आली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर तो त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्या. ‘काय औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपण गोळ्यांची नावं सांगतो, काढ्याचं कुणी बोलत नाही. तोही सांगा, आणि किती दिवस घेताय तेही.