पॅकेज की सोर्स : फाइल कुणाची, जबाबदारी कुणाची?

२० नोव्हेंबर २००२ रोजी सकाळी नेदरलँड्समधल्या एनस्खेडे इथे ट्वेंटे विद्यापीठाच्या संगणक केंद्राला आग लागली आणि इमारत जळून गेली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या सुरक्षा-दुरुस्त्या ज्या सर्व्हरवरून वाटल्या जात, तो तिथेच होता. स्वयंसेवकांनी त्याच्यावरच्या सेवा दुसऱ्या यंत्रांवर उभ्या केल्या. सर्व्हर गेला, पण त्यावर विसंबलेल्या लोकांची सॉफ्टवेअर अनाथ झाली नाहीत. पॅकेज म्हणजे नुसत्या फाइली नव्हेत. त्यांच्या देखभालीची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. पॅकेजच्या फाइली आणि आपण सोर्समधून बसवलेल्या फाइली यांच्या भांडणात खरा प्रश्न या जबाबदारीचाच असतो.

गैरसमज : पॅकेज मॅनेजर सगळ्या फाइली सांभाळतो.

वस्तुस्थिती : तो फक्त आपल्या नोंदवहीतल्या फाइली ओळखतो. एकाच फाइलवर दोन पॅकेजांनी हक्क सांगितला, तर डेबियनचा डीपीकेजी काम थांबवतो. पण सोर्समधून बसवताना ‘मेक इन्स्टॉल’ने ‘/यूएसआर/बिन’मध्ये टाकलेल्या फाइलची नोंदच नसते, म्हणून त्याच नावाची फाइल पॅकेजमधून आली की डीपीकेजी ती आधीची फाइल मुकाट्याने पुसून टाकतो. आर्च लिनक्सचा पॅकमन अशा वेळी अडतो. म्हणजे हे संरक्षण सगळीकडे सारखं मिळत नाही.

गैरसमज : ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवलं की संघर्ष संपला.

वस्तुस्थिती : ही जागा यंत्राच्या व्यवस्थापकासाठी राखलेली आहे, तिथल्या आपल्या फाइलींवर वितरणाची पॅकेजं हात टाकत नाहीत. मात्र फाइल पुसली जाणं आणि फाइल झाकली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियनमध्ये आज्ञा आधी ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये शोधल्या जातात, लायब्ररींचा शोधही ‘/यूएसआर/लोकल/लिब’पासून सुरू होतो. तिथे त्याच नावाची लायब्ररी असली, तर पॅकेजमधून आलेला प्रोग्रामही तीच उचलू शकतो आणि कोलमडू शकतो. त्यामुळे बिघाड दिसला की पॅकेज पुन्हा बसवण्याआधी प्रत्यक्षात कोणती प्रत चालते आहे, ते पाहावं. ‘टाइप -ए’ने आज्ञेच्या सगळ्या प्रती दिसतात, ‘एलडीडी’ने लायब्ररीचा मार्ग कळतो आणि ‘डीपीकेजी -एस’ने (एस मोठा) फाइल कोणत्या पॅकेजची, ते समजतं.

गैरसमज : पॅकेजची आवृत्ती जुनी, म्हणून सोर्समधली ताजी आवृत्तीच सुरक्षित.

वस्तुस्थिती : एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला. मूळ प्रकल्पाने तो १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त केला. डेबियनने मात्र तीच दुरुस्ती आपल्या १.०.१ई पॅकेजमध्ये घातली. आकडा जुना राहिला, भोक बुजलं. उलट ज्यांनी सदोष आवृत्ती हाताने बांधून ठेवली होती, त्यांची ती प्रत यंत्रातली सगळी पॅकेजं अद्ययावत केल्यावरही तशीच उघडी राहिली.

मग सोर्समधून काही बसवूच नये का? तसं मुळीच नाही. हवी ती सुविधा पॅकेजमध्ये नसेल, तर सोर्स हाच मार्ग, आणि तो खुला असणं हेच लिनक्सचं बळ आहे. फक्त बांधलेल्याची नोंद ठेवावी: शक्य तर त्याचं स्वतःचं पॅकेज करावं, नाहीतर जीएनयू स्टो वापरून ते स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावं. पायथनसाठी आभासी परिसर वापरावा; २०२३ सालच्या डेबियन १२ पासून पायथनची पॅकेजं बसवणारा ‘पिप’ हा प्रोग्राम प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही बसवायला नकारच देतो. ती अडवणूक वाटते, पण एका फाइलला दोन मालक होऊ नयेत, एवढीच त्यामागची काळजी आहे. एनस्खेडेच्या आगीनंतर धावून जाणारे लोक पॅकेजांच्या पाठीशी होते. हाताने बांधलेल्या फाइलीच्या पाठीशी आपणच उभं राहायचं असतं.