परीक्षेविना मिळालेले नागरिकत्व

निलंगा तालुक्यातील शाळांत तीस वर्षे इतिहास व नागरिकशास्त्र शिकविलेले एक निवृत्त गुरुजी हिवाळ्यात गावी आले होते. मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर आईवडिलांना तिकडे नेले. कायम वास्तव्याची पाच वर्षे पुरी होत आल्याने आता गुरुजीही नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहेत. मी भेटीस गेलो तेव्हा सत्तरीचे गुरुजी वहीत इंग्रजी प्रश्न आणि त्यांचे उच्चार देवनागरीत लिहून घोकत बसले होते. ‘‘आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, आता माझी पाळी,’’ असे म्हणून ते हसले.

पूर्वी या परीक्षेसाठी १०० प्रश्नांची यादी असे. अधिकारी त्यांतील १० प्रश्न तोंडी विचारी आणि ६ उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होई. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली असून २० पैकी १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. शिवाय इंग्रजी वाचता-लिहिता येते की नाही, हेही पाहिले जाते. पासष्टी गाठलेल्या आणि २० वर्षे कायम वास्तव्य झालेल्या अर्जदारांना निवडक २० प्रश्नांचाच अभ्यास करण्याची व स्वभाषेत उत्तरे देण्याची सवलत आहे. गुरुजींचे वय त्यात बसते, वास्तव्य बसत नाही.

देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, कायदे कोण करते, शासनाच्या एकाच अंगाने सारी सत्ता बळकावू नये म्हणून कोणती व्यवस्था आहे, तुमच्या राज्याचा गव्हर्नर कोण, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. वही मिटून गुरुजी म्हणाले, ‘‘आपल्या राज्यघटनेविषयी हेच सारे मी वर्गात शिकवीत आलो. पण मला स्वतःला ते कोणी कधी विचारले नाही.’’

त्यांच्या वडिलांनाही ते कोणी विचारले नव्हते. ते निजामाचे प्रजाजन होते. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि राहते घर न सोडता ते भारताचे नागरिक झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी मतही दिले. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरांचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते, आणि हैदराबाद राज्यात त्याच्या निम्मेच. त्या वेळी अशी परीक्षा असती, तर निलंग्यातील किती माणसे उत्तीर्ण झाली असती?

घटनाकारांनी मताधिकारास शिक्षणाची अट घातली नाही, हा निर्णय दूरदृष्टीचा होता. ज्या अमेरिकेची परीक्षा गुरुजी देणार आहेत, तिच्याच दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी साक्षरतेच्या चाचणीचा वापर होत असे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्यास पायबंद बसला. हक्कास ज्ञानाची अट घातली की तिचा पहिला बळी, ज्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही, तो ठरतो.

परंतु अट नाही, म्हणजे अभ्यासाचीही गरज नाही, असा सोयीस्कर अर्थ आपण काढला. नागरिकशास्त्र शाळेत सदैव इतिहासाचे शेपूट होऊन राहिले. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत सहसा कोणी करीत नाही, हा व्यवहार येथेही दिसतो. मध्यंतरी पदवीच्या वर्गात मी विचारले, घरपट्टी कोण आकारते? नगर परिषदेचा अर्थसंकल्प कोण मंजूर करते? ग्रामसभेस कोणते अधिकार आहेत? मंत्र्यांची नावे पुष्कळांना ठाऊक होती, या प्रश्नांची उत्तरे मात्र दोघा-तिघांनाच देता आली.

हे अज्ञान निरुपद्रवी नाही. निर्णय कोठे होतो हे ज्याला ठाऊक नसते, तो अर्ज घेऊन भलत्याच दारी खेटे घालतो. जे हक्काने मागावयाचे, ते तो मेहेरबानी म्हणून मागतो. मग त्या दारी नेऊन पोचविणारा मध्यस्थ लागतो, आणि त्या मध्यस्थीची किंमत गरिबालाच मोजावी लागते.

उपाय फार खर्चाचा नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या कारभाराविषयी वीस प्रश्न फळ्यावर लिहावेत. विद्यार्थ्यांनी त्यांची उत्तरे ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत, तहसील कचेरीत जाऊन स्वतः मिळवावीत. तेथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसावे.

गुरुजी उत्तीर्ण होऊन निष्ठेची शपथ घेतील, तेव्हा १९५५ च्या कायद्यानुसार त्यांचे भारतीय नागरिकत्व संपेल. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड त्यांना मिळू शकेल, पण त्या कार्डावर येथे मत देता येत नाही. निघताना ते म्हणाले, ‘‘वडील अंगठा उठवून या देशाचे नागरिक झाले, आणि मी परीक्षा देऊन परका होणार.’’ मला उत्तर सुचले नाही. जे हातचे जाणार आहे त्याचे मोल त्यांना कळले आहे. ज्यांच्या हाती ते आहे, त्या आपल्याला ते कधी कळणार?