उत्तर मनातले की सवयीचे?

धडा शिकवून झाल्यावर 'समजले ना?' असे विचारले, तर बहुतेक वेळा सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. दुसऱ्या दिवशी उदाहरणे सोडवायला दिली, की त्या 'हो'ची किंमत कळते. मुले खोटे बोलली असे नव्हे. प्रश्नाचा रोख, विचारणाऱ्याचा मान आणि शेजाऱ्यांचा आवाज यांमुळे ते उत्तर आपोआप बाहेर पडले.

मानसशास्त्रीय चाचण्यांतही हीच अडचण येते. टेबलाची लांबी मोजताना टेबलाला काही विचारावे लागत नाही. स्वभाव, अभिरुची किंवा चिंता मोजताना मात्र ज्याचे मापन करायचे त्यालाच विचारावे लागते. त्याच्या उत्तरात त्याचे मत असते, तशीच उत्तर देण्याची त्याची सवयही मिसळलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी 1946 मध्ये या सवयींकडे लक्ष वेधले. त्यांना आपण 'प्रतिसाद-प्रवृत्ती' म्हणू.

होकाराचा कल

विधान कोणतेही असो, 'सहमत' म्हणण्याकडे काहींचा कल असतो. याचे एक गाजलेले उदाहरण पाहू. फॅसिस्ट प्रचाराला कोणत्या प्रकारची माणसे बळी पडतात, हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा अतिशय गंभीर प्रश्न होता. त्याचा शोध घेण्यासाठी कॅलिफोर्नियात थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एफ मापनी' तयार केली. त्यांचा ग्रंथ 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. या मापनीत एक उणीव होती. तिच्यातील सर्व विधाने एकाच दिशेची होती. सहमती दाखवली, की हुकूमशाही वृत्तीचे गुण वाढत. मग जास्त गुण मिळवणारा माणूस खरोखर त्या वृत्तीचा, की नुसता होयबा?

बर्नार्ड बास यांनी 1955 मध्ये मूळ विधानांच्या उलट अर्थाची विधाने तयार करून हे तपासले. मूळ विधाने मान्य करणाऱ्यांनी उलटी विधाने ठामपणे नाकारायला हवी होती. प्रत्यक्षात हा उलटा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण निघाला. पुढे या निष्कर्षावरही आक्षेप आले आणि वाद अनेक वर्षे चालला. पण विधाने दोन्ही दिशांची असावीत, हा धडा कायम राहिला.

त्यामागचे गणित सोपे आहे. समजा, गणिताच्या भीतीविषयी 10 विधाने आहेत आणि प्रत्येकासाठी 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे 1 ते 5 गुण आहेत. एका मुलाने न वाचताच सगळीकडे 'सहमत', म्हणजे 4, अशी खूण केली. सर्व विधाने भीती दर्शवणारी असतील, तर त्याला 50 पैकी 40 गुण मिळतील आणि तो गणिताला फार घाबरतो असे आपण ठरवू. पण 5 विधाने उलट अर्थाची असतील, तर तेथे गुण उलटे मोजले जातात. 4 चे 2 होतात. मग त्याची बेरीज 20 अधिक 10, म्हणजे 30 होते. हा बरोबर मधला आकडा आहे.

मात्र खरोखर मध्यम भीती असलेल्या मुलालाही 30 च मिळतील. म्हणून गुण न उलटवता केलेली बेरीजही पाहावी. पहिल्या मुलाची ती 40 येईल, दुसऱ्याची 30 च्या आसपास. या फरकातून होकाराचा कल उघड होतो.

येथे आणखी एक धोका आहे. डोळे झाकून 'सहमत' म्हणणाऱ्याची उत्तरे एकमेकांशी छान जुळतात. त्यामुळे एकाच दिशेच्या विधानांची चाचणी अधिक विश्वसनीय भासते, आणि प्रत्यक्षात तिची सप्रमाणता मात्र घसरलेली असते.

चांगले दिसण्याची ओढ

दुसरी प्रवृत्ती म्हणजे समाजाला रुचेल असे उत्तर देणे. अमेरिकेत 1940 च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेल्या व्यक्तिमत्त्व-चाचणीत यासाठी 15 विधानांची वेगळी मापनी घातली गेली. 1960 मध्ये डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी 33 विधानांची मापनी रचली. अशा विधानांची कल्पना येण्यासाठी आपण एक बनवू: 'मला कधीच कोणाचा राग येत नाही.' असे एखादे विधान कोणी मान्य केले तर समजू शकते. पण अशी बहुतेक सर्व मान्य केली, तर त्याच्या इतर उत्तरांकडे सावधपणे पाहावे लागते. सावधपणे, एवढेच. एखादा माणूस खरोखरच शांत असू शकतो, म्हणून या गुणांवरून कोणालाही खोटारडा ठरवता येत नाही.

नाण्याची युक्ती

उत्तर देणाऱ्याला भीती वाटत असेल, तर भीतीच काढून टाकणे उत्तम. 1965 मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी त्यासाठी संभाव्यतेचा उपयोग केला. त्यांच्या कल्पनेचे एक सोपे रूप असे: 200 विद्यार्थ्यांना विचारायचे, 'तुम्ही परीक्षेत कधी कॉपी केली आहे का?' प्रत्येकाने आडोशाला नाणे उडवायचे. छाप आली तर काहीही असो, 'हो' लिहायचे. काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. छापेमुळे सुमारे 100 'हो' येतील. एकूण 130 'हो' आले, तर उरलेल्या 100 पैकी सुमारे 30 जणांनी, म्हणजे 30 टक्क्यांनी कॉपी केली असावी. कोणा एकाचा 'हो' वाचून त्याच्याविषयी खात्रीने काही कळत नाही, तरी समूहाचा अंदाज मिळतो. मात्र 30-40 मुलांच्या वर्गात नाण्याच्या लहरीमुळे हा अंदाज बराच चुकू शकतो.

स्वतः प्रश्नावली करताना

निम्मी विधाने उलट अर्थाची ठेवा, पण केवळ 'नाही' जोडून ती बनवू नका. 'मला गणिताची भीती वाटत नाही' याला 'असहमत' म्हणताना मुले गोंधळतात. त्यापेक्षा 'गणिताच्या तासाला मी निर्धास्त असतो' हे बरे. उलटे विधान खरोखर उलटे आहे ना, हेही तपासा. 'मोठ्यांचे ऐकावे' आणि 'स्वतः विचार करून ठरवावे' ही दोन्ही विधाने एखाद्याला प्रामाणिकपणे पटू शकतात. शक्य तेथे नाव लिहायला सांगू नका. आणि गुणांची यादी हाती आली, की त्या मुलाचे वागणे, त्याचे काम आणि त्याच्याशी झालेले बोलणे यांच्याशी ती ताडून पाहा. या गोष्टी गुणांशी जुळत नसतील, तर मुलाविषयी मत बनवण्याआधी प्रश्नावली पुन्हा तपासायला हवी.